बिनघुंगराची जोडी

आमच्या मायनं उभ्या आयुष्यात एकदाही शंकरपट पाहिला नाही. पण आमच्या घरची पटाची जोडी ठेवायची की विकायची, ह्याचा निवाडा तिनंच केला. चुलीपुढं बसून, हातावरची भाकर तव्यावर टाकता टाकता ती मोठ्या भावाला म्हणाली, "या पटात पयाले तर ठेव. नाई पयाले तर तिथूनच इकून ये. माह्या दारात नको आनू."

"पयतीन, माय," दादा म्हणाला.

"मले नको सांगू. त्याईले सांग."

'ते' म्हणजे आमचे दोन बैल, अंगणापलीकडच्या कोठ्यात उभे. आमच्या भागातली गवळाऊ जात. पांढरेशुभ्र, लांबट तोंडाचे, बारीक पायांचे. काळ्या मातीत नांगर ओढायला ह्यांच्यापेक्षा दुसरे बरे, पण छकडीला जुंपून मोकळ्या वाटेवर सोडले की धूळ उठायच्या आत पुढं गेलेले असत. शंकरपट म्हणजे ह्याच जोड्यांची शर्यत. दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, झेंडी पडते, आणि ज्याची जोडी आधी पार होईल तो जिंकला. अशा एका धावेला सूट म्हणतात आणि छकडीवर बसून हाकणाऱ्याला धुरकरी. आमचे बाबा धुरकरी होते. आपलीच जोडी, आपणच हाकायची. दुसऱ्याची जोडी त्यांनी कधी हाकली नाही आणि आपल्या जोडीवर दुसऱ्याला कधी बसू दिलं नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मान खाली घालून सांगत नाही. दादानं सातवीनंतर पाटी ठेवली आणि औत धरलं, मी वर्ध्याला राहून बी.ए. झालो, नंतर बी.एड. झालो आणि तिथल्याच एका शाळेत लागलो. निकाल लागला त्या दिवशी बाबा मला कोठ्यात घेऊन गेले होते. एका बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "आयक रे, आपला बाबू बी.ए. झाला." मला तेव्हा हसू आलं होतं. मायनं मात्र कपाळाला हात लावला. "बैलाले सांगते, बायकोले नाई सांगत."

तिचं आणि त्या बैलांचं कधी जुळलं नाही. सरकी, गूळ, उडदाचं पीठ, आणि पट जवळ आला की दूधसुद्धा. नातवंडांच्या वाटचं दूध बैलाच्या नरड्यात जाताना पाहून ती दोन दोन दिवस बाबांशी बोलायची नाही. बाबा त्याचंही वाईट वाटून घेत नसत. "बोलत नाई ते बरंच हाये," म्हणायचे, "बैल बी बोलत नाईत. घरात शांती हाये."

ह्या जोडीला हाकण्याची बाबांची एक पद्धत होती. पितळी घुंगरांच्या दोन माळा होत्या, चामड्याच्या पट्ट्यात ओवलेल्या. औताला जुंपताना त्या कधीच घालायच्या नाहीत आणि पळवायचं असेल तेव्हा कधीच विसरायच्या नाहीत. गोऱ्हे होते तेव्हापासूनची ही रीत. त्यांच्या हातात चाबूक नसायचा, बैलाला टोचायची तुतारी नसायची. ओरडणं तर नाहीच. घुंगरं बांधली की बैलांनी समजून घ्यायचं. आम्हाला ती त्यांची हौस वाटायची. कोणाला शिंगं रंगवायची हौस असते, कोणाला झुलीची, तशी ह्यांना घुंगरांची.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापसाची वेचणी ऐन भरात होती. बाबा शेतात पराटीच्या तासात बसले ते उठेनात. छातीत कळ. दादानं त्यांना बैलबंडीत निजवलं. हिंगणघाटचा दवाखाना लांब, आणि तेव्हा गावात दुसरं वाहन नव्हतं. दादा औताचे बैल जुंपायला लागला तर बाबा म्हणाले, "पांढरे लाव." आणि छातीवर हात दाबून धरलेला तसाच ठेवून पुढं म्हणाले, "घुंगरं घाल." दादाला वाटलं, वाटेतल्या बंड्यांनी आवाज ऐकून बाजू द्यावी म्हणून सांगत असतील. त्यानं घातली. माय बंडीत बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

बाबा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. मी वर्ध्याहून आलो तेव्हा ते अंगणात होते. दवाखान्यात कोणीतरी मायपाशी बोलून गेलं होतं, जरा आधी आणलं असतं तर. असं बोलणारा बोलून जातो. ऐकणारा ते घेऊन बसतो.

त्याच दिवशी मायनं स्वतः उठून दोन्ही बैलांच्या मानेतल्या माळा सोडल्या. बाबांचं पटाचं एक पोतं असायचं. त्यात मालिशचं तेल, जास्तीची दोरी, झुली, सगळं बांधून ठेवलेलं. माळा झुलीत घट्ट गुंडाळून त्या पोत्यात टाकल्या आणि म्हणाली, "वरीस सरेपर्यंत ह्या घरात काई वाजायचं नाई." आमच्यात दुःखाच्या वर्षात सण करत नाहीत, तळण तळत नाहीत, बैलांना सजवत नाहीत. कोणालाच ते वावगं वाटलं नाही. दादालाही नाही, मलाही नाही.

तेरवी झाल्यावर एकदाच ती बोलली. "इतके दिवस खाल्लं, पेलं. एक दिवस कामाचा होता. त्या दिवशी नाई पोचले."

"माय, जीव तोडून पयाले ते," दादा म्हणाला. "मी हाकत होतो ना."

"तू हाकत होता. मी मांगं बसून होती. मले तर बंडी जाग्यावरच उभी दिसत होती."

मांडीवर नवरा जात असताना कुठली बंडी पळताना दिसेल? पण तिच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. बैल पळाले नाहीत. बाबा उगाचच त्यांना पोसत होते. म्हणून तिनं पटाची अट घातली. संक्रांतीनंतर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नदीकाठच्या एका बारीक गावात पट भरायचा, बाबा दरवर्षी जायचे. त्या पटात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काय ते दिसू दे. दादाचा तर त्या जोडीत जीव होता. बाबांचं म्हणून जे काही घरात उरलं होतं ते कोठ्यात उभं होतं. बाकी एक पागोटं आणि एक काठी.

दादानं महिनाभर रोज पहाटे त्यांना छकडीला जुंपून नदीकडच्या वाटेवर नेलं. मी एका रविवारी गेलो होतो पाहायला. बैल दुडक्या चालीनं धावले आणि थांबले.

"हे पयनं झालं का दादा?" मी विचारलं.

"पटाचा बैल घरी पयत नसते, मास्तर. त्याले गर्दी लागते. झेंडी दिसली की मंग पायजो तू." मला तो नोकरी लागल्यापासून मास्तरच म्हणायचा. अर्धा अभिमान, अर्धी टिंगल.

पट शनिवारी आणि रविवारी होता. दादा गुरुवारीच बैल घेऊन पायी निघाला. पटाचे बैल पळवत नेत नाहीत, चालवत नेतात, मुक्काम करत. मी शनिवारची सकाळची शाळा आटोपली, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या माझ्या खोलीवर जाऊन कपडे घेतले आणि एस.टी. धरली. हिंगणघाटला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत सगळे पटालाच निघालेले. टपावर माणसं. माझ्या बाजूला एक म्हातारा बसला होता, त्यानं माझ्या इस्त्रीच्या पँटीकडं बघून विचारलं, "तुमी पटाले चालले का तपासनीले?"

"आमची जोडी हाये पटात," मी म्हटलं.

"हाव का?" तो लगेच सरकून बसला, मला जागा केली. जोडीवाल्याच्या घरचा म्हटल्यावर इस्त्रीसुद्धा त्यानं माफ केली.

गाव एरवी चार हाटेलांचं आणि एका पाण्याच्या टाकीचं. पण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भज्यांच्या कढया, मुरमुऱ्याचे ढीग, गुळाची जिलबी, उसाचा रस. यवतमाळकडून, चांद्याकडून, नागपूरकडून जोड्या आलेल्या. कोणाच्या शिंगांना शेंब्या, कोणाच्या पाठीवर आरशांच्या झुली. लाऊडस्पीकरवाला घसा बसला तरी थांबत नव्हता. बाभळीच्या झाडावर इतकी पोरं चढलेली की झाडाचं पान दिसू नये.

दादा नदीच्या बाजूला एका निंबाखाली बैलांजवळ बसला होता. चेहरा सुकलेला. दोन रात्री तो नीट झोपला नव्हता हे मला दिसलं.

"जेवला का?" मी विचारलं.

"ते जेवले," बैलांकडं बोट करून म्हणाला. "माहं पाहू मंग."

वहिनीनं दिलेल्या भाकरी मी सोडल्या, त्यानं चतकोर खाल्ली. आजूबाजूचे जुने धुरकरी येऊन जात होते. बाबांना ओळखणारे. बैलांच्या पाठीवर हात फिरवायचे, दादाच्या खांद्यावर ठेवायचे, निघून जायचे. तेवढं बरं वाटलं.

आमची पाळी आली तेव्हा लाऊडस्पीकरवर बाबांचंच नाव पुकारलं. गावाचं नाव, जोडीवाल्याचं नाव, आणि 'धुरकरी स्वतः'. कोणी बदल सांगितलाच नव्हता. मी दुरुस्त करायला मांडवाकडं निघालो तर दादानं दंड धरला. "राहू दे. पुकारू दे."

शेजारच्या वाटेवर यवतमाळकडची एक खैरी जोडी होती. झेंडी पडली. खैरी जोडी उडाली. आमची जोडी निघाली, म्हणजे चालू लागली. आधी वाटलं, वेग घेतील. दादानं कासरे ढिले सोडले, जीभ वाजवली, "हो, हो" केलं. बैल दुडक्या चालीनं आले, घरच्या पहाटेसारखेच. अर्ध्या वाटेवर तर चालायलाच लागले. खैरी जोडी कधीच पार झाली होती आणि आमची छकडी एकटी त्या दोन हजार डोळ्यांमधून येत होती.

"अबे, वरात चालली का रे ही? नवरी कुठी हाये?"

"हळू घे भाऊ, घाई नाई. पोहे शिजाचेच हायेत अजून!"

लाऊडस्पीकरवाल्यालाही राहवेना. "जोडी येऊन राह्यली, आरामात येऊन राह्यली, जोडीले कोनतंच काम नाई आज." सगळं मैदान हसलं. पटात असं हसतात, त्यात वैर नसतं. दुसऱ्या कोणाची जोडी असती तर आम्हीही हसलो असतो. दादा छकडीवर ताठ बसून होता, समोर पाहत. एकदाही त्यानं बैलांवर हात उचलला नाही. शेवटी पोचला, खाली उतरला, आणि कोणाकडं न पाहता बैल सोडून निंबाकडं घेऊन गेला.

मी मागून गेलो.

"माय खरीच बोलली," दादा म्हणाला. "पयतच नाईत. बाबा होते म्हनून पयत होते. त्या दिवशी बी पयाले नसतीन. मलेच तसं वाटलं."

"तसं कसं म्हनतं तू? बाबाच्या हातून किती पट जिंकले त्याईनं."

"बाबाच्या हातून जिंकले. माह्या हातून बाबा गेले."

दिवस मावळतीला आला होता. बैल खाली बसून रवंथ करत होते. दादानं उगाच हातांना काम म्हणून बाबांचं पोतं ओढलं, बैलांच्या पायांना लावायला तेल काढायचं होतं. आत हात घालून चाचपडायला लागला. बाटली तळाशी गेलेली. त्यानं पोतं उचलून हलवलं, झुलीची गुंडाळी सुटली आणि आतल्या घुंगरांच्या माळा वाजल्या.

दोन्ही बैल एकदम उठून उभे राहिले.

रवंथ तोंडात तशीच. कान पुढं. एकानं तर खुरानं माती उकरली आणि छकडी ठेवली होती तिकडं तोंड केलं. मी आणि दादा एकमेकांकडं पाहतच राहिलो. दादानं पोतं पुन्हा हलवलं, हळूच. बैलांनी दावी ताणली.

"मास्तर," दादा म्हणाला. "मास्तर, बाबा म्हनले होते ना रे. घुंगरं घाल म्हनले होते."

मग त्यानं पोतं पोटाशी धरलं आणि खालीच बसला. बाबांच्या मातीला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, मोठा म्हणून सगळं निभावून नेलं होतं. ते सगळं त्या निंबाखाली आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. बैल उभेच होते, कोणीतरी जुंपेल म्हणून.

सकाळी आम्ही दोघं पंचांच्या मांडवात गेलो. पंच गावचेच एक वयस्क गृहस्थ, बाबांच्या ओळखीचे. दादानं सगळं सांगितलं, अगदी घुंगरांचंसुद्धा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

"तुह्या बापाची जोडी मले मालूम नाई का?" ते म्हणाले. "पन एका जोडीले एकच सूट असते, बापू. तुले दिली तर कालपासून हरलेले सारे इथं लाईन लावतीन. आन तुह्या बापानंच मले शिव्या देल्या असत्या."

हे खरं होतं. बाबा नियमाला पक्के होते. मी शिकलेला म्हणून काही मुद्दे मांडायला गेलो, की घरात दुःख आहे, चूक नकळत झाली आहे. दादानंच मला थांबवलं. "चाल, मास्तर. बरोबर बोलून राह्यले ते."

रविवारी दुपारपर्यंत आम्ही जोड्यांच्या शेवटच्या सुटी पाहिल्या. म्हणजे मी पाहिल्या. दादा निंबाखालीच होता. निकाल लागले, फेटे बांधले, गुलाल उडाला. मैदान पांगायला लागलं. भज्यावाल्यानं कढई उतरवली, लाऊडस्पीकरवाल्यानं भोंगा काढला. तेव्हा दादा उठला, छकडी जुंपली, पोत्यातून माळा काढल्या आणि बैलांच्या मानेत बांधल्या. बांधताना बैल थरथरत होते. घोड्याचं अंग थरथरतं तसं.

"झेंडी तू पाड," दादा म्हणाला.

माझ्याकडं झेंडी कुठली? मी खिशातला हातरुमाल काढला, वर धरला आणि खाली केला.

त्यानंतर मी फार वर्षं जगलो, पुष्कळ गोष्टी पाहिल्या. पण तसं पळणं पुन्हा पाहिलं नाही. घुंगरांचा वेगळा वेगळा आवाज राहिलाच नाही, एकच सलग आवाज झाला. छकडीचं एक चाक जमिनीला लागलेलं, एक वर. दादा कासरे धरून नुसता चिकटून होता, हाकत नव्हता. ज्या वाटेवर आदल्या दिवशी वरात चालली होती तीच वाट त्यांनी अशी काढली की सामान बांधणारी माणसं हातातलं टाकून उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. टाळी नाही. कालचा तो 'पोहे शिजाचे हायेत' म्हणणारा रसाच्या गाड्याजवळ उभा होता, त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी धावत टोकाला पोचलो. मला वाटलं, दादा हसत असेल. दादा बैलांपुढं उभा होता. पळून झाल्यावर बाबा नेहमी पुढं येत, दोघांच्या कपाळाला आपलं कपाळ लावत. दादानंही तेच केलं. डावीकडच्या बैलानं त्याचा वास घेतला, मान बाजूला काढली आणि मागं छकडीकडं वळून पाहिलं. उजव्यानंही पाहिलं. छकडी रिकामी. तरी ते पाहतच राहिले. दादा एका बाजूला झाला, तरी त्याच्याकडं न पाहता मागंच.

मी म्हटलं, "दादा, पयाले! मायची अट पुरी झाली. घरी नेऊ. मी सांगतो मायले, माह्या डोयानं पाह्यलं म्हनून."

त्यानं बैलांच्या पाठीवरची धूळ झटकली. मग म्हणाला, "ते माह्यासाठी नाई पयाले."

"कोनासाठी का असेना, पयाले ना?"

"घुंगरू वाजलं, त्याईले वाटलं बाबा मांगं हायेत. त्या दिवशी बी मीच हाकत होतो, बाबा मांगं निजून होते. आज बी त्याईले तसंच वाटलं असन." त्यानं माळा सोडायला घेतल्या. "आता रोज घुंगरं घालून रोज याईले फसवू का मी? रोज पयाचं आन रोज मांगं पाह्याचं? माह्यानं नाई होनार, मास्तर."

मी पुष्कळ समजावलं. जनावर आहे, दोन महिन्यांत विसरेल, दुसरी सवय लावता येईल. माझं बोलणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी बैलांबद्दल बोलत होतो आणि दादा नुसता बैलांबद्दल बोलत नव्हता.

ते पळणं पाहायला जे थांबले होते त्यांत नदीपलीकडचा एक धुरकरी होता, बाबांच्याच वयाचा. तो आला. "पोरा, इकतं का?" दादा म्हणाला, "हाव." आणि लगेच सांगितलं, "पन घुंगरं नाई देत. तुमी आपला आवाज शिकवा त्याईले. नवा." म्हातारा समजला. म्हणाला, "मी जीभ वाजवतो. वरीसभर लागन. लागू दे." दोघांनी दुपट्ट्याखाली हात घातले, बोटांनी व्यवहार झाला, किती झाला ते मी विचारलं नाही. छकडीही त्यालाच दिली, बैलांवाचून ती न्यायची कशी?

बैल विकला तरी दावं विकत नाहीत आमच्याकडं. घरची दावी सोडून दादानं खांद्यावर घेतली, म्हाताऱ्यानं आपल्या दोऱ्या बांधल्या. दादा मग त्या घुंगरांच्या पोत्यावर बसला. मी म्हटलं, चार पावलं सोबत जाऊ. तो म्हणाला, "मी उठलो तर हे वाजन." म्हातारा बैल घेऊन नदीच्या उताराकडं निघाला. पांढरे होते म्हणून लांबवर दिसत राहिले. ते पलीकडच्या काठावर चढून दिसेनासे होईपर्यंत दादा त्या पोत्यावरून हलला नाही.

एस.टी.त आम्हाला जागा मिळाली, पोतं दादानं मांडीवर घेतलं. फाट्यावर उतरून पायी घराकडं निघालो. सोमवारी शाळा होती, पण मी म्हटलं, सकाळच्या गाडीनं जाईन, दादाला एकट्याला मायपुढं जाऊ द्यायचं नाही.

दिवेलागण झाली होती. माय दारातच उभी होती. तिच्या पायाशी पाण्यानं भरलेली गुंडी होती आणि एका ताटात हळदकुंकू. पटाहून जोडी आली की तिच्या खुरांवर पाणी घालून मग आत घेतात. बाबा असताना हे वहिनी करायची, किंवा शेजारची कोणी. मायनं ते कधीच केलं नव्हतं. पायी येणारे बैल आज पोचणार नाहीत हे तिला ठाऊक असणार, तरी ज्या बैलांना दारात आणू नको म्हणून तिनं बजावलं होतं, त्यांच्यासाठी ती कधीची तिथं उभी होती कोण जाणे.

तिनं आमच्यामागं वाटेवर पाहिलं. मग दादाच्या खांद्यावरची दावी पाहिली. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"नाई पयाले ना?" ती म्हणाली. "मले मालूमच होतं."

"पयाले, माय," दादा म्हणाला.

तिला खरं वाटलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला ती जरा जास्त वजन द्यायची.

"पयाले," मी म्हटलं. "सारं मैदान उभं राह्यलं होतं. असे पयाले की तसं कोनी पाह्यलं नाई."

"मंग इकले काऊन?"

दादानं सांगितलं. घुंगरांचं, झेंडीचं, छकडीकडं मागं वळून पाहण्याचं, सगळं. दारात उभ्या उभ्याच सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं पदर तोंडाला लावला. सांगून झाल्यावर कोणीच आत गेलं नाही. आतून वहिनीनं कंदील आणून ओट्यावर ठेवला आणि तीही उभी राहिली.

मग माय वाकली, गुंडी उचलली आणि दादाच्या पायांवर पाणी घातलं. हळूहळू, दोन्ही पायांवर, धूळ जाईपर्यंत. दादा "माय, हे काय" म्हणत मागं सरायला लागला तर तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

"मंग त्या दिवशी बी पयालेच असतीन रे," ती म्हणाली. "मलेच नाई दिसलं."